शिकाऊ विमानाला बॉम्ब लावले तर? नाशिकमध्ये बनणाऱ्या एचटीटी-४० ची ही दुसरी बाजू समजून घ्या

तुमसरहून सिहोऱ्याच्या रस्त्यानं निघालात की पुढं बपेरा लागतं. भंडारा जिल्ह्यातलं हे सीमेवरचं गाव. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा सुरू. इकडं धानाच्या बांध्या, तिकडं जंगल.

या पट्ट्यातल्या लोकांना छोटी विमानं काही नवीन नाहीत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसीला विमानतळ आहे आणि तिथं नागरी वैमानिक तयार होतात. या विमानांची दुसरी बाजूही लोकांनी पाहिली आहे. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं होतं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघांचाही जीव गेला.

ती विमानं नागरी. पण सैन्याकडंही अशीच शिकाऊ विमानं असतात, आणि जगातल्या अनेक देशांनी त्यांना मशीनगन, रॉकेट आणि बॉम्ब लावून थेट हल्ल्यासाठी वापरलं आहे. आता आपल्याकडं नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलासाठी नवं शिकाऊ विमान बनतंय. मग सोशल मीडियावर प्रश्न सुरू झाले. ‘याला शस्त्रं लावता येतील का?’ ‘तेजसपेक्षा स्वस्तात काम होईल ना?’ ‘नक्षलवाद्यांविरुद्ध वापरा की!’

शेवटची कमेंट पुण्या-मुंबईत बसून टाकणं सोपं आहे. बपेऱ्याच्या पलीकडच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसासाठी तो वेगळा विषय होतो. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊयात.

आधी बेसिक : हवाई दलाचा वैमानिक तयार कसा होतो?

गाडी शिकताना कुणी पहिल्या दिवशी ट्रक हातात देत नाही. हवाई दलातही तसंच. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला साधारण तीन पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे बेसिक ट्रेनर. हैदराबादजवळच्या दुंडीगल इथल्या एअर फोर्स अकॅडमीत हे शिक्षण होतं. सध्या तिथं स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचं पीसी-७ मार्क २ हे पंख्याचं, म्हणजे टर्बोप्रॉप इंजिनाचं विमान वापरतात.

दुसरी पायरी किरण. हे एचएएलचं जेट विमान १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं.

तिसरी पायरी हॉक. हे ब्रिटिश डिझाइनचं वेगवान जेट. त्याचं मोठं केंद्र आहे बिदरला. होय, तेच बिदर, जिथं बाजारात आजही मराठी कानावर पडते. २००८ च्या फेब्रुवारीत हॉक हवाई दलात दाखल झालं ते बिदरलाच.

हॉकवर हात बसला की मग वैमानिक खऱ्या लढाऊ विमानाकडं जातो.

एचटीटी-४० ची गोष्ट : नको म्हणता म्हणता झालेलं विमान

पिलाटसच्या आधी पहिल्या पायरीला एचपीटी-३२ दीपक नावाचं देशी विमान होतं. पण त्याचे अपघात वाढत गेले, इंजिन हवेतच बंद पडायच्या तक्रारी होत्या. अखेर २००९ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर हवाई दलानं ही सगळी विमानं जमिनीवर बसवली.

शिकायला विमानच नाही म्हटल्यावर घाई झाली. २०१२ मध्ये पिलाटसकडून ७५ विमानं घ्यायचा करार झाला. दुसरीकडं एचएएल म्हणत होतं, आम्ही स्वतःचं ट्रेनर बनवतो. हवाई दलाला ते नको होतं. तयार विमान मिळतंय तर नव्या डिझाइनची वाट का बघायची, हा त्यांचा मुद्दा होता.

पण एचएएलनं काम चालू ठेवलं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि देशी ट्रेनरच्या बाजूनं वारं फिरलं. ३१ मे २०१६ ला एचटीटी-४० पहिल्यांदा उडालं. १७ जूनला बंगळुरूमध्ये त्याचं औपचारिक उड्डाण झालं तेव्हा पर्रीकर समोर हजर होते.

पुढं जुलै २०१९ मध्ये पिलाटसच्या व्यवहारातल्या गैरप्रकारांच्या आरोपांवरून संरक्षण मंत्रालयानं त्या कंपनीशी व्यवहार एक वर्षासाठी थांबवले. देशी विमानाचा रस्ता आणखी मोकळा झाला. मार्च २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७० एचटीटी-४० घ्यायला मंजुरी दिली. किंमत ६,८२८ कोटी रुपये.

आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ओझरच्या एचएएल कारखान्यात तेजस मार्क १ए ची तिसरी आणि एचटीटी-४० ची दुसरी उत्पादन लाइन सुरू केली. ज्या ओझरला साठच्या दशकात मिग-२१ बनवायला कारखाना उभा राहिला, पुढं मिग-२७ आणि सुखोई-३० बनले, तिथंच आता हे विमान बनतंय. मिग-२१ निवृत्त झालं २६ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. नाशिककरांसाठी ही रोजगाराची आणि अभिमानाची बातमी आहे, त्यात वाद नाही.

मात्र अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचं आहे आणि इंजिनं यायला उशीर झाल्यानं विमानांचं वेळापत्रकही मागं पडलं. ‘देशी’ या शब्दाच्या पोटात असे बरेच परदेशी भाग असतात.

शस्त्रं लावायची म्हणजे नेमकं काय करायचं?

अनेकांना वाटतं की पंखाखाली दोन बॉम्ब बांधले की झालं. तसं नसतं. कमीत कमी एवढं तरी करावं लागतं :

पहिलं, पंख मजबूत करावे लागतात. बॉम्ब टांगायच्या जागांना हार्डपॉइंट म्हणतात. तिथं वजन तर पेलायला हवंच, पण विमान जोरात वळताना तेच वजन कित्येक पटींनी ओढ देतं, तेही सोसायला हवं.

दुसरं, वायरिंग आणि संगणक. कोणतं शस्त्र कुठं आहे, कधी सोडायचं, एका बाजूचं सुटलं तर तोल कसा राहील, हे सगळं विमानाला कळायला हवं.

तिसरं, डोळे. रात्री आणि धुक्यात बघणारा कॅमेरा, अंतर मोजायला लेझर, आणि जमिनीवरच्या जवानांशी बोलायला सुरक्षित रेडिओ. हे नसेल तर वैमानिक अंदाजानं बॉम्ब टाकतो.

चौथं, संरक्षण. कॉकपिटभोवती चिलखती पत्रा, क्षेपणास्त्र आलंच तर त्याला चकवणारे फ्लेअर.

आता या सगळ्याचं वजन होतं. वजन वाढलं की इंजिन मोठं लागतं. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं सुपर टुकानो हे या प्रकारातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं विमान. ते टुकानो नावाच्या ट्रेनरवरूनच आलं, पण येता येता जवळपास नवंच विमान झालं. लांबी वाढली, इंजिन १,६०० हॉर्सपॉवरचं झालं, पंखांत दोन मशीनगन बसल्या, पाच हार्डपॉइंट आले. शस्त्रांसकट त्याचं वजन ५,४०० किलोपर्यंत जातं.

आपल्या एचटीटी-४० चं कमाल वजन आहे साधारण २,८०० किलो. म्हणजे जवळपास निम्मं. त्यामुळं ‘एचटीटी-४० म्हणजे भारताचा सुपर टुकानो’ अशी पोस्ट दिसली तर हे दोन आकडे आठवा. हलकी शस्त्रं लावून सराव करता येईल, एचएएलनं तशा आवृत्तीची कल्पनाही पूर्वी मांडली आहे. पण ७० विमानांचा करार झालाय तो शिकवण्याच्या विमानांसाठी.

मग आपल्याकडं सशस्त्र ट्रेनर नाहीतच का?

आहेत की. ही कल्पना आपल्याला नवी नाही.

किरण मार्क २ ला मशीनगन आणि पंखांखाली बॉम्ब-रॉकेट लावायची सोय सुरुवातीपासून होती. नेमबाजीचा सराव हा त्यामागचा मुख्य हेतू.

हॉकचं पुढचं पाऊल म्हणजे हॉक-आय. एचएएलनं स्वतःच्या खर्चानं एका हॉकमध्ये बदल केले आणि २१ जानेवारी २०२१ ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळ त्यावरून सॉ हे स्मार्ट शस्त्र सोडून दाखवलं. हे १२५ किलोचं शस्त्र शत्रूच्या धावपट्ट्या आणि बंकर उद्ध्वस्त करण्यासाठी आहे आणि त्याचा पल्ला १०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे विमान लांब राहतं, शस्त्र एकटं पुढं जातं. या पद्धतीत हॉकसारखं साधं विमानही उपयोगी पडू शकतं.

फेब्रुवारी २०२३ च्या एअरो इंडियात एचएएलनं एचएलएफटी-४२ या पुढच्या पिढीच्या ट्रेनरचं मॉडेल ठेवलं. शेपटीवरच्या हनुमानाच्या चित्रानं ते व्हायरल झालं, नंतर चित्र काढलं गेलं. चर्चा चित्राचीच झाली. पण हे ट्रेनर लढायच्या क्षमतेसह आखलं आहे, ही खरी बातमी मागं राहिली.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एचजेटी-३६ सितारा या रखडलेल्या जेट ट्रेनरचं नाव बदलून ‘यशस’ ठेवण्यात आलं. त्याची ओळख करून देताना एचएएलनं वैमानिक प्रशिक्षणासोबत आणखी एक काम सांगितलं, बंडखोरीविरोधी मोहिमा. हा शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढं येऊ.

इतिहासातला एक किस्साही सांगायला हवा. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाल्याला पाकिस्तानी रणगाडे फोडणारी हंटर विमानं आठवतात? जैसलमेरला आणलेली ती विमानं आणि वैमानिक जामनगरच्या प्रशिक्षण युनिटमधून आलेले होते. फरक इतकाच की हंटर हे मुळात लढाऊ विमान होतं. पण शिकवणारे आणि शिकणारे गरज पडली तर लढतात, हे आपण ५० वर्षांपूर्वीच पाहिलंय.

लोक या कल्पनेच्या प्रेमात का पडतात? कारण हिशोब

सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं ९७ तेजस मार्क १ए साठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार केला. भागिले ९७ केलं तर एका विमानामागं सुमारे ६४३ कोटी. एचटीटी-४० चे ६,८२८ कोटी भागिले ७० केले तर साधारण ९७ कोटी.

दोन्ही आकड्यांत सुटे भाग, उपकरणं वगैरे धरलेलं असतं, त्यामुळं ही तुलना ढोबळच आहे. तरीही एका तेजसमध्ये सहा-साडेसहा ट्रेनर बसतात. वर टर्बोप्रॉप विमान इंधन कमी पितं, लहान धावपट्टीवरून उडतं, लक्ष्यावर तासनतास घिरट्या घालू शकतं.

त्यात हवाई दलाकडं मंजूर ४२ लढाऊ स्क्वाड्रनच्या जागी मिग-२१ गेल्यावर २९ च उरल्या आहेत. मग कुणालाही वाटणारच, की भरा ही जागा सशस्त्र ट्रेनरनं.

इथंच गल्लत होते. त्या ४२ स्क्वाड्रन पाकिस्तान आणि चीनच्या हवाई दलांना तोंड द्यायला आहेत. ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास उडणारं पंख्याचं विमान तिथं टिकत नाही. रडार, जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रं आणि शत्रूची लढाऊ विमानं असलेल्या आकाशात ते सोपं सावज आहे. खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्रही त्याला पुरेसं आहे. म्हणजे हे विमान चालतं कुठं? जिथं समोरच्याकडं विमान नाही, रडार नाही, फार तर बंदुका आहेत तिथं.

साध्या भाषेत, देशांमधल्या युद्धात याचा उपयोग मर्यादित. जंगलातल्या आणि डोंगरातल्या बंडखोरांविरुद्ध उपयोग जास्त. आणि असे बंडखोर बहुतेक वेळा स्वतःच्याच देशाचे नागरिक असतात.

जगाचा अनुभव काय सांगतो?

फायद्याची उदाहरणं आहेत. कोलंबियानं फार्क बंडखोरांविरुद्ध सुपर टुकानो वापरली. अफगाणिस्तानच्या हवाई दलाला २०१६ पासून हीच विमानं मिळाली. पण ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार कोसळलं तेव्हा त्यातली काही घेऊन वैमानिक उझबेकिस्तानात निघून गेले. विमान चांगलं होतं, ते ज्याच्यासाठी लढत होतं ती व्यवस्था टिकली नाही.

अमेरिकेच्या हवाई दलानं २०१७ पासून हलक्या हल्ल्याच्या विमानांचे प्रयोग केले, मोठी खरेदी मात्र केली नाही. तिथल्या स्पेशल फोर्सनं २०२२ मध्ये निवडलं ते विमान मूळचं शेतात फवारणी करणारं होतं. हो, कीटकनाशक फवारणारं.

युक्रेननं तर वेगळीच शक्कल लढवली. २०२४ मध्ये तिथं याक-५२ या जुन्या सोव्हिएत शिकाऊ विमानात मागच्या सीटवर बंदूकधारी बसवून रशियाचे टेहळणी ड्रोन पाडले गेले. लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र स्वस्त ड्रोनवर वाया घालवण्यापेक्षा हे परवडतं. हळू उडणाऱ्या ड्रोनच्या मागं हळू उडणारं विमान, हा उपयोग भारतानंही गांभीर्यानं बघण्यासारखा आहे.

आता दुसरी बाजू.

२००६ मध्ये चाड या आफ्रिकी देशानं पिलाटसचं पीसी-९ ‘प्रशिक्षणासाठी’ म्हणून घेतलं. २००८ च्या जानेवारीत त्याला शस्त्रं लावून सुदानच्या दारफूरमध्ये बॉम्ब टाकण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये यावरून गदारोळ झाला आणि चाडला अशी विमानं द्यायला बंदी आली. दुंडीगलला आपली पोरं ज्या कंपनीच्या विमानावर शिकतात, तीच ही कंपनी.

म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर सैन्यानं रशियाची याक-१३० आणि चीनची के-८ ही जेट ट्रेनर स्वतःच्याच लोकांवर वापरली. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीनं २०२२ मधल्या अहवालात अशा विमानांचा पुरवठा थांबवा असं सांगितलं.

फिलिपिन्समध्ये २०१७ च्या मरावीच्या लढाईत एसएफ-२६० या सशस्त्र ट्रेनरचा बॉम्ब चुकला आणि स्वतःचेच किमान १० सैनिक मारले गेले. डोळे आणि रेडिओ कमी पडले की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

हॉकचीही एक गोष्ट आहे. जानेवारी १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये काही महिलांनी कारखान्यात घुसून इंडोनेशियाला जाणाऱ्या एका हॉक विमानावर हातोडे मारले. हे विमान पूर्व तिमोरमधल्या लोकांवर वापरलं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यावर खटला चालला आणि ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं. कागदावर ‘ट्रेनर’ लिहिलेलं विमान नेमकं कशासाठी जातंय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

आता आपल्या जंगलाचा प्रश्न

गडचिरोली, गोंदिया आणि पलीकडचा बालाघाट. हा सगळा पट्टा अनेक वर्षं नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला. दोन्हीकडच्या गोळ्यांत गावातली माणसं मेली, पोलीस मेले, आदिवासी पोरं मेली.

पण भारतानं एक गोष्ट बहुतांशी पाळली. स्वतःच्या लोकांवर हवेतून हल्ला करायचा नाही. याला ठळक अपवाद आहे मार्च १९६६ चा. मिझो बंडाच्या वेळी हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉल शहरावर हल्ला केला होता. त्याची जखम मिझोराममध्ये अजून बोलून दाखवली जाते. नक्षलवादविरोधी मोहिमांत हवाई दलाची हेलिकॉप्टर जवान ने-आण करायला आणि जखमींना आणायला वापरली जातात. बस्तरमध्ये ड्रोननं बॉम्ब टाकल्याचे आरोप माओवाद्यांनी आणि काही गावकऱ्यांनी २०२१ पासून केलेत, पोलिसांनी ते फेटाळलेत.

आणि निकाल कशानं लागला ते बघा. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं ठेवली. यामागं जमिनीवरची पोलीस कारवाई आहे, माहितीचं जाळं आहे, रस्ते आहेत, आत्मसमर्पणाची योजना आहे. त्यासाठी गडचिरोलीच्या जंगलावर एकही बॉम्ब टाकावा लागला नाही.

योगायोग बघा, ओझरला एचटीटी-४० ची लाइन सुरू झाली ती यानंतर बरोबर दोन दिवसांनी.

म्हणून ‘नक्षलवाद्यांविरुद्ध वापरा’ ही कमेंट दोन्ही बाजूंनी चुकते. गरज नसताना ती जोखीम वाढवते. जंगलात तेंदूपत्ता तोडायला, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं आणि सशस्त्र टोळी यांच्यातला फरक वरच्या कॅमेऱ्यात दरवेळी कळतोच असं नाही. हंगामात पहाटे मोहाच्या झाडाखाली दहा-पंधरा माणसं एकत्र बसलेली असणं ही आपल्याकडं रोजची गोष्ट आहे.

स्वस्त पर्याय खरं तर नागपुरात बनतोय

हलक्या हल्ल्याचं काम आता विमानाकडून ड्रोनकडं सरकतंय. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज समूहातल्या कंपनीनं बनवलेलं नागास्त्र-१ जून २०२४ मध्ये लष्कराला मिळायला सुरुवात झाली. ४८० च्या ऑर्डरमधले पहिले १२०. जवानाच्या पाठीवर मावेल असं हे साधारण ९ किलोचं शस्त्र लक्ष्यावर घिरट्या घालतं आणि मग झेपावतं. हल्ला रद्द झाला तर पॅराशूटनं परत उतरवता येतं. आत वैमानिक नाही, म्हणजे पडलं तरी कुणाच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येत नाही.

मात्र ‘स्वस्त’ हा शब्द वापरताना भंडाऱ्यानं काय मोजलं तेही आठवावं लागतं. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. बॉम्ब असो, रॉकेट असो की ड्रोन, त्यातली स्फोटकं आणि दारू याच पट्ट्यातली माणसं हातानं बनवतात. शस्त्रांच्या किमतीचे आकडे छापून येतात, त्यात हा खर्च धरलेला नसतो.

मग एचटीटी-४० चं करायचं काय?

त्याला त्याचं मूळ काम करू द्यायचं. कॅगच्या अहवालानुसार हवाई दलात फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ वैमानिक कमी होते. २०२१ च्या अखेरीस हा तुटवडा ५९६ वर गेला. त्याच अहवालात पीसी-७ मार्क २ च्या ६४ पैकी १६ विमानांत इंजिन ऑइलची गळती झाल्याचं नोंदवलंय. म्हणजे आज कमी काय आहे? शिकवणारी धड विमानं आणि शिकलेली माणसं. ७० मधली काही विमानं शस्त्रांच्या नादात बाजूला काढली तर हाच खड्डा आणखी खोल होईल.

सरावासाठी हलकी शस्त्रं लावायला हरकत नाही. उलट पोरांना नेमबाजी लवकर शिकता येईल आणि हॉकचे महागडे तास वाचतील. ड्रोन पाडण्यासाठी प्रयोग करायलाही हरकत नाही. मित्रदेशांना विकायला सशस्त्र आवृत्ती बनवायची असेल तर नाशिकला काम मिळेल, तेही चांगलंच.

पण यातल्या प्रत्येक ‘हरकत नाही’ च्या आधी दोन गोष्टी कागदावर हव्यात. एक, देशाच्या आत नागरिकांच्या वस्तीवर किंवा जंगलावर अशी विमानं शस्त्रांसह वापरायची नाहीत. आज ही बऱ्याच अंशी परंपरा आहे, आणि परंपरा एका संतापाच्या दिवशी मोडू शकते. ‘बंडखोरीविरोधी मोहिमा’ हा शब्द एखाद्या ट्रेनरच्या माहितीपत्रकात येतो, तेव्हा त्याचा अर्थ काय हे संसदेत कुणीतरी विचारायला हवं. दोन, विकताना घेणारा देश ते कुणावर वापरणार याची अट आणि तपासणी. चाडच्या वेळी स्वित्झर्लंडची जी अडचण झाली, ती उद्या आपलीही होऊ शकते. फक्त तेव्हा विमानावर पिलाटसऐवजी एचएएलचं नाव असेल.

येत्या काळात तीन बातम्यांवर लक्ष ठेवा. एचटीटी-४० ची इंजिनं वेळेत येतात का, दुंडीगलला ही विमानं किती लवकर पोहोचतात, आणि यशसची ऑर्डर निघालीच तर त्यात प्रशिक्षणाशिवाय कोणतं काम लिहिलेलं असतं.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘लावा की बॉम्ब’ अशी पोस्ट फॉरवर्ड केली तर त्याला एकच विचारा, लावू, पण टाकायचे कुठं? बपेरा, तुमसर, बालाघाट भागातून तुम्ही हे वाचत असाल तर तुमचं उत्तर आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा.